कच्चा पडदा

आष्टा,
१ फेब्रुवारी १९७८

अर्जुना,

तू आम्हाला सांगलीच्या स्टँडवर एस.टी.त बसवून दिलंस, त्याला आज चार दिवस झाले. आम्ही नीट पोचलो. सासूबाईंनी उंबऱ्याबाहेरच भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि मग आत घेतलं. सातव्या महिन्यात झालेली, काचेच्या पेटीत नळीच्या हवेवर पाच आठवडे काढलेली पोर आता माझ्या मांडीवर झोपली आहे. गल्लीतल्या बायका येऊन बघून जातात. कोण म्हणतं खारीएवढी आहे, कोण म्हणतं उंदराएवढी. म्हणू देत. जगली, हे काय कमी आहे?

आता कामाचं. निघायच्या वेळी मी आत पोरीला गुंडाळत होते आणि डॉक्टर बाहेर तुझ्याशी बोलत होते. मला दारातून एवढंच ऐकू आलं, 'डोळे दाखवायला आणा.' त्यांनी तुला चिठ्ठी दिली ती तुझ्याच खिशात राहिली. पेटीजवळच्या सिस्टरबाई मला दोनदा म्हणाल्या, "तारीख चुकवू नका हं." कसली तारीख? डोळ्यांना काय झालंय? मला तर पोरीचे डोळे चांगले काळेभोर दिसतात.

तुझे दाजी तिकडं बर्फात बंदूक धरून बसलेत, त्यांना कुठं विचारू? घरात वाचणारी मी एकटी, तीही पाचवीपर्यंतची. डॉक्टर काय म्हणाले ते तूच ऐकलंयस. शब्दाला शब्द लिही. आणि लगेच लिही, हिंडत बसू नकोस.

तुझी अक्का,
बनू


पाचगणी,
५ फेब्रुवारी १९७८

अक्का, पाया पडतो. तुझ्या सासूबाईंच्या, मावशींच्या पण माझ्यातर्फे पड.

पत्र कालच मिळालं. पत्ता बरोबर आहे, मी अजून शाळेच्या भटारखान्यातच आहे. तीनशे पोरं आहेत इथं, सगळी इंग्रजी बोलणारी, आणि तीनशेच्या तीनशे भात सांडतात. आमचा मुख्य आचारी कोंडीबा म्हणतो, साहेबाची पोरं असू देत नाही तर कुणाची, ताट सगळ्यांचं सारखंच घाण होतं. परवा त्याच्याबरोबर स्ट्रॉबेरीच्या वाफ्यावर गेलो होतो. फळ कसलं देखणं सांगू! पण लय नाजूक, दोन बोटांत धरलं की चेंबतं. मी एक अर्धं हिरवं तोडलं, तर कोंडीबा पाठीत धपाटा घालून म्हणाला, "आरं भाड्या, हे आंब्यागत आढीत पिकत न्हाई. कच्चं तोडलं की गेलं."

त्यावरूनच तुझ्या पत्राचं आठवलं. शब्दाला शब्द म्हणतेस तर ऐक. डॉक्टर म्हणाले, "बाळ वेळेआधी आलंय. डोळ्याच्या आत पडदा असतो, तो अजून पूर्ण तयार झालेला नाही. तो बघावा लागेल. गुरुवारी नऊ तारखेला डोळ्यांचे डॉक्टर येतात, तेव्हा आणा." चिठ्ठीच्या मागं एक गोल काढून त्यात रेघा पण मारून दाखवल्या. ते आणखी काहीतरी सांगत होते, पण मला एस.टी. चुकायची धास्ती. मी व्हय व्हय केलं आणि निघालो.

म्हणजे आपल्या आबांचं झालं होतं तेच की! आबांच्या डोळ्यावर पडदा आला, मी त्यांना दोनदा इस्लामपूरच्या शिबिरात नेलं. दिवसभर उन्हात बसवून दोन्ही वेळा परत पाठवलं. 'कच्चा आहे, तयार होऊ दे, मग काढू.' तिसऱ्या खेपेला बुबुळ पांढरं झालं होतं, तेव्हा पाच मिनिटांत काढला. मग आबा मरेपर्यंत बांधावरचे बगळे मोजत बसायचे. हे सगळं मी हातानं केलंय, मला त्यातलं कळतं.

डॉक्टर स्वतःच म्हणाले की तयार नाही. मग नऊ तारखेला एवढं बारकं पोर थंडीतून नेऊन काय करणार? बसवून ठेवतील आणि परत पाठवतील. डोळ्यात पांढरं दिसायला लागलं की उचलायचं आणि न्यायचं. तोवर घाई नको.

कागद संपला. काठावर लिहितोय. स्ट्रॉबेरी पोस्टानं पाठवता येते का विचारतो.

अर्जुना


आष्टा,
११ फेब्रुवारी १९७८

अर्जुना,

तुझं पत्र बुधवारी दुपारी आलं. दुसऱ्याच दिवशी गुरुवार. नक्की माहीत नव्हतं तरी मी शेजारच्या भाऊसोंना जीप सांगून ठेवली होती. पत्र वाचलं आणि नको म्हणून सांगितलं.

सासूबाईंना बरंच वाटलं. त्या म्हणाल्या, "नऊ महिनं भरायच्या आत लेकरू उंबऱ्याभाईर काढू ने. अजून ते पोटातच हाय आसं धरायचं." त्यांनी बारसंसुद्धा महिने भरल्यावरच करायचं ठरवलंय. मी त्यांना तुझं नाव सांगितलं नाही. 'डॉक्टरच म्हणालेत, पडदा तयार व्हायचाय' एवढंच सांगितलं. तुझं नाव काढलं असतं तर म्हणाल्या असत्या, "त्येच्या पायाला भिंगरी, त्येचं काय ऐकतीस?" तू माझा एकटा भाऊ, तुला बोललेलं मला खपत नाही.

पण गुरुवारी माझा जीव थाऱ्यावर नव्हता. आता डॉक्टर आले असतील, आता दुसऱ्यांची पोरं बघत असतील, आता निघाले असतील, असं ऊन उतरेपर्यंत चाललं होतं.

एक सांग. पडदा कच्चाच आहे तर मग तारीख दिली कशाला? आबांना शिबिरवाल्यांनी तारीख दिली नव्हती, 'पांढरं झालं की या' म्हणाले होते. सिस्टरबाई दोनदा का बोलल्या? चिठ्ठीत काय लिहिलंय ते कुणाकडून तरी नीट वाचून घे. मला ह्याचं उत्तर पाहिजे.

बनू


वाई,
२७ फेब्रुवारी १९७८

अक्का,

उशीर झाला खरा. पाचगणी सोडली. कोंडीबाशी वाजलं. मी पिठात मीठ दोनदा घातलं असं तो म्हणतो, मी म्हणतो एकदाच. आता वाईत एका बाइंडरकडे आहे. पोथ्या, शाळेच्या वह्या, कोर्टाची दप्तरं, सगळं शिवायला येतं. खळीचा वास दिवसभर नाकात बसतो. संध्याकाळी घाटावर जाऊन बसतो. इथले भटजी नदीत उभं राहून बोलतात ते पाण्यावरून पलीकडच्या काठाला स्पष्ट ऐकू येतं. एक जण सुनेची गाऱ्हाणी सांगत होता, ती अख्ख्या घाटानं ऐकली. तुझी फार आठवण झाली.

तुझ्या प्रश्नाचं असं आहे. तारीख सगळ्यांनाच देतात, दवाखान्याची रीतच असते ती. पोरगी घरी नीट पोचली का, वजन वाढलं का, हे बघायला बोलावत असतील. आणि सिस्टरबायांना तर दोनदा सांगायची सवयच असते. त्या पेटीजवळ मला "हात धुतले का" म्हणून चारदा विचारायच्या.

चिठ्ठी माझ्या पेटीत सपाट ठेवली आहे. इंग्रजी अक्षर लय वाकडं. आमच्या मालकांना इंग्रजी येतं, पण सध्या एका मठाच्या पोथ्या शिवायची गडबड आहे आणि मालक तापलेले असतात. निवांत झाले की वाचून घेतो.

पोरीला माझा पापा. बारशाला नाव काय ठेवताय?

अर्जुना


आष्टा,
१४ मार्च १९७८

अर्जुना,

शुक्रवारी बारसं झालं. नाव हौसा ठेवलं. मामा म्हणून तू कानात कुर्र करायला पाहिजे होतास, भाऊसोंच्या बायकोनं केलं.

मला जे लिहायचंय ते घरात कुणापाशी बोलता येत नाही. हौसा माझ्याकडं बघत नाही. बांगड्या वाजल्या की मान वळवते, मी बोलले की हसते. पण मी बोलायचं थांबले आणि नुसतीच वाकले, तर तिला मी आहे हे कळत नाही. परवा मी मुद्दाम श्वास धरून तिच्या तोंडाजवळ तोंड नेलं. ती पलीकडं कुठंतरी हसत होती. पाळण्यावर टांगलेल्या लाकडी राघूकडं बघत नाही. कंदील फिरवला तर डोळे फिरत नाहीत. ते आपले आपणच हिंडतात, सावकाश, इकडून तिकडं. आणि सारख्या मुठी डोळ्यांत खुपसते. झोपेला आली म्हणून खुपसत असेल म्हणावं, तर झोपून उठल्यावरही तेच. खालची कातडी काळी पडली आहे. मी हात बाजूला केला की रडते.

सासूबाई म्हणतात, "सातमाशी हाय, समदं उशिरा करंल. बगंल की. डोळं काय पळून जात्यात व्हय?" मग मला वाटतं, आपलंच मन खोटं आहे. पण गल्लीतल्या रंगूबाईची नात हिच्यापेक्षा लहान आहे आणि ती माझ्या कपाळाच्या कुंकवाकडं टक लावून बघते.

पडदा आहे म्हणून दिसत नसेल, असं धरून बसले आहे. आबांनाही दिसत नव्हतंच. पण आबांचे डोळे असे हिंडत नव्हते. मालक निवांत झाले का? चिठ्ठी वाचली का?

बनू


सातारा,
२८ मार्च १९७८

अक्का,

वाई सोडली. तुझं पत्र तिकडून फिरून इकडं आलं. रागावू नकोस, इथं मोठंच काम मिळालंय. स्टँडवर उभा होतो, तर कर्णा बांधलेली जीप आली. सात एप्रिलपासून शाळेत डोळ्यांचं मोफत शिबिर आहे, पुण्याचे डॉक्टर येणार. त्यांना म्हातारी माणसं उचलून नेणारे, पट्ट्या वाटणारे गडी पाहिजेत. मी तिथंच जीपमध्ये चढलो. आता आठ दिवस गावोगाव कर्ण्यावर ओरडत हिंडायचं. माझा आवाज काय खणखणीत येतो त्यातून! कोरेगावात एका म्हातारीनं मला पुढारी समजून हार घातला.

बुबुळं हिंडतात म्हणतेस? मग मामावर गेली की गं! भटकी जात आपली.

चेष्टा केली, मनावर घेऊ नकोस. बाइंडर मालकांनी चिठ्ठी बघितली होती. त्यांना अर्धीच लागली. डोळ्याचं आहे, लवकर असं काहीतरी आहे, म्हणाले. शिबिरात मोठ्या डॉक्टरांना दाखवतो आणि लगेच कळवतो. दहा दिवस कळ काढ.

अर्जुना
पत्ता: नेत्रशिबिर कचेरी, सातारा, असा घाल.


आष्टा,
९ एप्रिल १९७८

अर्जुना,

पिकला! आज सकाळी दिसलं. हौसाला तेल लावायला अंगणात घेतलं होतं, कोवळं ऊन तिरकं तोंडावर आलं होतं. उजव्या डोळ्यात, मधल्या काळ्या ठिपक्याच्या आत, पांढरं चमकलं. पेजेसारखं पांढरं. मान वळली की जातं, पुन्हा वळली की दिसतं. मी ओरडले तशा सासूबाई पिठाच्या हातानंच धावत आल्या. त्यांनी पण बघितलं. म्हणाल्या, "आगं व्हय की! आबाचं झालं हुतं तसंच." देवापुढं साखर ठेवली आणि गल्लीत वाटली. मी किती दिवसांनी पोटभर जेवले, ते माझं मला माहीत.

तू म्हणालास ते खरं झालं. उगीच मी तुला टोचून टोचून लिहीत होते.

भाऊसोंना जीप सांगितली आहे. ह्या गुरुवारी त्यांची साखर कारखान्यावर पाळी आहे, म्हणून पुढच्या, म्हणजे वीस तारखेच्या गुरुवारी जाणार. पण एक अडचण आहे. पांढरं नुसतं उजव्यातच आहे. डाव्या डोळ्यात कितीही बघितलं तरी काळंच दिसतं. सासूबाई म्हणतात, डावा पण होऊ दे, दोन्ही एकदमच काढतील, पोरीला दोनदा तरास नको. मलाही तसंच वाटतंय. तू तिथं डॉक्टरांतच आहेस, तर विचारून कळव. डावा तयार व्हायला आणखी किती दिवस लागतील? मे महिन्यापर्यंत थांबलं तर चालेल का? तुझे दाजी पण सुटीवर येतील, आल्या आल्या पोर त्यांच्याकडं बघेल.

बनू


सातारा,
१० एप्रिल १९७८

अक्का,

हे पत्र हातात पडेल त्याच दिवशी हौसाला घेऊन सांगलीला नीघ. पुढचं नंतर वाच. भाऊसोंची जीप मिळाली तर जीप, नाही तर एस.टी., नाही तर रस्त्यावर उभी राहून उसाचा ट्रक अडव.

मी चुकलो. पडदा म्हणजे आबांचा नव्हे.

काल शिबिरात तात्याबा म्हणून एक जुने कंपाउंडर आहेत, त्यांच्याबरोबर पट्ट्या कापत बसलो होतो. सहज म्हणालो, "तात्या, माझ्या भाचीचा बी पडदा पिकायचाय." ते हसले. "किती वर्साची रं भाची? मामा तर मिसरूड न फुटलेला." मी म्हणालो, "चार म्हैन्याची न्हाई झाली अजून. सातमाशी. पेटीत हुती." त्यांचं हसणं गेलं. कात्री खाली ठेवून म्हणाले, "पिकायचाय आसं कोण म्हणालं तुला?" मी म्हणालो, "डाक्टरच म्हणालं, पडदा तयार न्हाई." तेव्हा ते उठले आणि माझा दंड धरून मला थेट पुण्याच्या डॉक्टरांपुढं उभं केलं. "साहेब, जरा ह्येचं ऐका."

डॉक्टरांनी चिठ्ठी वाचली. दोनदा वाचली. मग मला खुर्ची दिली. अक्का, डॉक्टर माणूस मला कधी खुर्ची देत नाही.

ते म्हणाले, आबांचा होता तो मोतीबिंदू, तो डोळ्याच्या पुढच्या भागात होतो, पिकतो आणि काढतात. हा पडदा डोळ्याच्या पार मागं असतो, त्याच्यावरच दिसतं. वेळेआधी आलेल्या बाळाचा हा पडदा पुरा झालेला नसतो. तयार नाही म्हणजे पुरा झाला नाही. पिकला नाही असं नव्हे. मराठीत आंबाही तयार होतो आणि घरही तयार होतं, मी आंबा धरला. बाळ पेटीतल्या हवेवर जगतं, पण ती हवा कधी कधी त्या पडद्याच्या कोवळ्या शिरांना सोसत नाही. शिरा वेड्यावाकड्या वाढतात आणि पडदा ओढून सोडवतात. ते बाहेरून दिसत नाही. म्हणून सातव्या आठवड्यात औषध घालून आतून बघायचं असतं. म्हणून तारीख होती.

मी विचारलं, तेव्हा गेलो असतो तर? ते म्हणाले, सगळ्याच बाळांचं बिघडत नाही, आणि बिघडतंय असं दिसलं असतं तरी नक्की वाचलं असतं असं नाही. मुंबईला एक-दोघं काहीतरी करून बघतात, थंड सळई लावून वगैरे. पण बघितल्याशिवाय काहीच नाही.

आणि अक्का, मी तुला लिहिलं होतं की पांढरं दिसलं की ने. पांढऱ्याची वाट बघू नकोस. मी डॉक्टरांना विचारलं, पांढरं कधी दिसतं? ते म्हणाले, "पडदा सुटून गोळा होऊन पुढं येतो, तेव्हा." आणि पुढच्या म्हातारीला आत बोलावलं.

मी उद्याच्या पहिल्या गाडीनं निघतो. पण माझ्यासाठी थांबू नकोस.

अर्जुना


आष्टा,
२२ एप्रिल १९७८

अर्जुना,

आपली पत्रं वाटेत कुठंतरी एकमेकांजवळून गेली असतील. तुझं मला बुधवारी, बारा तारखेला मिळालं. माझं तुला त्याच्या आगेमागेच मिळालं असेल. साखरेचं लिहिलेलं.

गुरुवारी तेरा तारखेला मी हौसाला घेऊन गेले. भाऊसो कारखान्याची पाळी सोडून आले. सासूबाई बरोबर होत्या. डोळ्यांच्या डॉक्टरांनी तीन वेळा औषध घातलं, मग अंधार केला. कपाळाला दिवा बांधला होता. तारेच्या चिमट्यानं पापण्या फाकवून धरल्या, सिस्टरबाईंनी डोकं धरलं, मी पाय धरले. तेवढी मोठ्यानं ती जन्मल्यापासून रडली नव्हती. डॉक्टर उजवा डोळा बघून लगेच सरकले. डावा पुष्कळ वेळ बघत होते.

उजव्याचं आता काही होणार नाही. डाव्यात पडदा बराच सुटलाय, पण कडेला थोडा धरून आहे. तिथून उजेड कळत असेल, म्हणाले. मुंबईच्या डॉक्टरांना पत्र लिहिलंय. चार मे, गुरुवारी पुन्हा बघणार. तोवर धरून राहिला तर मुंबईला पाठवणार. नाही राहिला तर नाही. 'आशा लावू नका' असंही म्हणाले आणि 'तारखेला या' असंही म्हणाले.

मग त्यांनी नोंदवही उघडली. "नऊ फेब्रुवारीला नाव आहे. का आला नाहीत? थांबायला कुणी सांगितलं?" सासूबाई बाजूलाच होत्या. त्या म्हणाल्या, "तुमीच सांगितलं न्हवं, पडदा तयार व्हायचाय म्हून?" डॉक्टरांनी माझ्याकडं बघितलं. मी म्हणाले, "मी इसरली."

घरी आल्यापासून सासूबाई माझ्या हातचं पाणी घेत नाहीत. "डाक्टरच्या नावानं लबाड बोललीस. म्हायेराला जायाची घाई झाली आसंल तर आदीच जायाचं हुतंस, माजी नात आंदळी करून कशाला?" असं येणाऱ्याजाणाऱ्यापुढं बोलतात. भाऊसोंकडून त्यांनी तुझ्या दाजींना पत्र लिहवून घेतलंय. काय लिहिलं ते भाऊसो सांगत नाहीत, खाली बघतात. दाजी तीन तारखेला येणार.

तू दाजींना काही लिहू नकोस. त्यांचा राग तू बघितला नाहीस. मला हाकलतील, नाही तर ठेवतील, काही झालं तरी मी हौसाची आई आहे. पण तुझं नाव निघालं तर तुला ह्या दारात पाय ठेवू देणार नाहीत. आईबाप गेल्यावर माझं माहेर म्हणजे तूच आहेस, ते पण कुठल्या गावात आहे हे मला पत्र आल्यावर कळतं.

तू येतो म्हणालास. बुधवारी पत्र आल्यावर, मग शुक्रवार, शनिवार, मी तिन्ही गाड्या बघितल्या.

बनू


कराड स्टँड,
२९ एप्रिल १९७८

अक्का,

तुझं पत्र काल मिळालं आणि आज कराडपर्यंत आलो आहे. सांगलीकडची गाडी निघायला तास आहे, तोवर लिहून टाकतो. पत्राआधी मीच पोचेन बहुतेक. पण काही गोष्टी मला तोंडानं सांगता येणार नाहीत.

मी अकरा तारखेला निघालो होतो. इथंच, ह्याच बाकावर आलो होतो. सांगलीची गाडी लागली, मी चढलो नाही. दुसरी लागली, तिच्यातही चढलो नाही. एक चष्मे विकणारा भेटला, त्याच्याशी बोलत बसलो. त्याला खोटंच सांगितलं, माझी बहीण मजेत आहे. मग साताऱ्याला परत गेलो. दोन दिवसांनी तुझं साखरेचं पत्र आलं. ते पत्र मी तात्याबांना वाचून दाखवायला गेलो, पण वाचता आलं नाही, त्यांनीच हातातून घेतलं. मे महिन्यापर्यंत थांबलं तर चालेल का, इथपर्यंत आले आणि त्यांनी ते घडी घालून माझ्या खिशात परत ठेवलं.

तू म्हणतेस दाजींना लिहू नकोस. मी मंगळवारीच लिहून टाकलं आहे. तुझं पत्र मिळायच्या तीन दिवस आधी. डॉक्टर काय म्हणाले, मी काय ऐकलं, तुला काय लिहिलं, तू दोनदा चिठ्ठी वाचून घे म्हणालीस आणि मी कुठं कुठं हिंडत होतो, सगळं. खाली पूर्ण नाव घातलं. छप्पन एपीओचं, म्हणजे लष्कराच्या टपालात पडलेलं पत्र परत मागता येत नाही, मी पोस्टात विचारलं. दाजी निघायच्या आत ते पोचेल की मावशींचंच पत्र खिशात घेऊन दाजी निघतील, सांगता येत नाही. दुसरंच होईल असं मला वाटतंय. माझी पत्रं वेळेवर पोचत नाहीत.

त्यांनी मारलं तर मारू देत. मी एका जागी उभा राहणार आहे. दाराबाहेर काढलं तर बाहेर बसेन, पण चार तारखेला जीपमध्ये तुझ्या शेजारी मी असणार. डॉक्टर एक एक शब्द बोलले की तो मी आपल्या भाषेत परत बोलून दाखवणार आणि ते 'बरोबर' म्हणाल्याशिवाय पुढचा ऐकणार नाही. एस.टी. गेली तर जाऊ दे.

डावा डोळा अजून धरून असेल का गं? तू अंगणात बसवून बघत असशील. काळं दिसलं तर बरं, एवढं मला आता कळतं.

गाडी लागली. मी चढतो आहे.

तीन तारखेला दाजी दारात आले की हौसाला आतच ठेव. त्यांच्या पुढ्यात आधी मला जाऊ दे. माझ्याशी काय ते होऊ दे, त्यांचे हात रिकामे होऊ देत. मग पोरगी त्यांच्याकडं दे.

अर्जुना